दुसऱ्या तोडणीला या

बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेतात घरच्यांना घेऊन जायचं असेल तर पहिल्या तोडणीला जाऊ नये. तेव्हा बाजारात माल कमी, भाव चढा, आणि शेतकऱ्याचा सगळा जीव इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे पोचायच्या गाडीत अडकलेला. शेंगाही वेलाच्या बुडाशी, मातीला टेकलेल्या. सवय नसलेल्या नजरेला त्या सापडत नाहीत. आठ-दहा दिवसांनी दुसरी तोडणी येते. वेलाची मधली पेरं भरलेली असतात, लहान मुलांचा हात पोचतो, भाव थोडा उतरलेला असतो आणि फोनवरचं "आ जाओ, बच्चों को भी ले आना" हे तोंडदेखलं नसतं. तिसऱ्या तोडणीत शेंगा विरळ होतात, पण स्वस्तात मिळतात. मंडीतला भाव तोडणीच्या मजुरीखाली घसरला की शेतकरी ती तोडणी सोडूनच देतो आणि शेतात गुरं घालतो.

हे गणित ठाऊक असलं की सहलीची अर्धी तयारी झाली म्हणायची. बी एकदा पेरायचं, खत दोन-तीनदा द्यायचं, पण शेंगा काढायला प्रत्येक वेळी वाकलेल्या पाठी लागतात. बटल्यात सगळ्यात महाग गोष्ट हातच. आपण चार माणसं जाऊन नीट तोडलं तर शेतकऱ्याला मदत होते. वेल उपटत, ओळी तुडवत हिंडलो तर पुढच्या तोडणीचं नुकसान करून, वर त्याचे पैसे देऊन येतो. म्हणून मला वाटतं, अशा सहलीला निघताना डबा मागाहून भरावा. आधी तोडायचं कसं ते घरातल्या सगळ्यांना सांगावं.

इंदूरच्या मराठी घरांना हे फार दूरचं नाही. रामबागेतून किंवा सुदामानगरातून निघालं की सांवेर, देपालपूर, बेटमा, महू, सिमरोल, कुठल्याही रस्त्याला तासाभराच्या आत काळी माती लागते. सोयाबीन निघालं की त्याच शेतात बटला, बटाटा, लसूण, हरभरा, गहू येतात. लवकरच्या बटल्याच्या शेंगा मार्गशीर्षापासून मिळतात आणि पौषात त्यांचा जोर असतो. हिरवा हरभरा, म्हणजे इथल्या बाजारातला छोड, पौषाच्या शेवटी सुरू होऊन माघभर चालतो. गव्हाच्या ओंब्या फाल्गुनात भाजायच्या. पेरूचा खरा हंगामही थंडीतला. तेव्हा दोन-तीन पिकांची चव एका फेरीत घ्यायची असेल तर संक्रांतीनंतरचे तीन आठवडे धरावेत.

हल्ली शहराबाहेर तिकीट लावून शेत दाखवणाऱ्या जागाही झाल्या आहेत. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि तिकडे हुरड्याच्या निमित्ताने शेतावर जाण्याची रीत त्याच्याही कितीतरी आधीपासून रुळलेली. त्यात वाईट काही नाही. पण जिथे रेन डान्स, डीजे आणि घोडागाडी यांच्यामध्ये चार ओळी 'फार्म एक्स्पिरियन्स' म्हणून राखलेल्या असतात, तिथे तोडण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आधीच्या रविवारच्या गर्दीने ओरबाडून नेलेलं असतं. ओळखीतला, मंडीत माल नेणारा साधा शेतकरी गाठावा. ओळख नसेल तर रस्त्याकडेला शेंगांचा ढीग लावून बसलेल्या माणसाला विचारावं. बहुतेकदा शेत त्याच्या पाठीमागेच असतं.

जायच्या दोन दिवस आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. कितवी तोडणी चालू आहे? शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली? पाणी कधी दिलं? आणि वजनाने द्यायचं की ओळीने? यातला दुसरा प्रश्न संकोचामुळे राहून जातो, आणि मुलं शेतातच शेंगा सोलून खाणार असल्यामुळे तोच महत्त्वाचा. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. कुणाला दोन-तीन दिवस पुरतात, कुणाला दोन आठवडेही लागतात. शेतकऱ्याने औषधाचं नाव सांगितलं तर डब्याचा फोटो मागवून घ्यावा. तो नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं शेत बघावं.

पाण्याचा प्रश्न गाडीसाठी आणि बुटांसाठी. काळी माती ओली असली की चिकटते, आणि चिकटली की सोडत नाही. दहा पावलांत बुटाला किलोभर माती लागते आणि गाडीचं चाक जागच्या जागी फिरतं. तुषार सिंचन झाल्यावर तीन-चार दिवस तरी शेतात पाय घालू नये. ओल्या ओळीत पाऊल पडलं की माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून बांधावरून चालत जावं.

पौषात थंडीचा जोर असेल तर आणखी एक चौकशी करावी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि रात्रीचा पारा चार अंशांच्या आसपास, अशा रात्री माळव्यात पाला पडतो, म्हणजे दव गोठतं. शेतकरी संध्याकाळी हलकं पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. तरी सखल भागातलं पीक सापडतंच. पाला लागलेल्या शेंगेवर पांढुरके, उकडल्यासारखे डाग दिसतात आणि आत दाणा सुकतो. अशा आठवड्यात पाहुणे म्हणून शेतावर जाणं बरंही दिसत नाही.

आता तोडणी. बटल्याच्या वेलाची मुळं उथळ आणि खोड पोकळ, नाजूक. एका हाताने शेंग ओढली की शेंगेबरोबर निम्मा वेल येतो, किंवा मूळ हलून तो दुपारपर्यंत माना टाकतो. म्हणून दोन्ही हात लागतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत, शेंगेचा देठ जिथून फुटतो त्या पेराजवळ वेल धरायचा. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने देठ दाबून शेंग वरच्या बाजूला मोडायची. टक् असा बारीक आवाज येतो. देठ चिवट लागला, सोलपटत खाली आला, तर शेंग जून झाली आहे.

बघायचं मात्र खालून वर. वेलावर फुलं खालच्या पेरापासून वर उमलत जातात, त्यामुळे शेंगाही खालच्या आधी भरतात. नवखा माणूस उभ्याने बघतो, वरच्या कोवळ्या चपट्या शेंगा त्याच्या डोळ्यांत भरतात आणि तो त्याच खुडतो. त्यांच्यात नुसती साल असते, आणि आठवड्याने भरणारा मालही गेला. पांढरी फुलं ज्या पेरांवर आहेत त्याच्या खालच्या दोन-तीन पेरांना हात लावायचा नाही, एवढं मुलांना सांगितलं तरी बरंच साधतं. मग बसून, वेल अलगद बाजूला करून, पानांआड बघायचं.

भरलेली शेंग ओळखायला डोळ्यापेक्षा बोट बरं. साल तुकतुकीत हिरवी, अंगठ्याने दाबली तर आत दाणे एकमेकांना टेकलेले जाणवतात, पण साल किंचित दबते. उन्हासमोर धरली तर दाण्यांची सावली दिसते. जून शेंग फिकट, निस्तेज, सालीवर बारीक जाळी उमटलेली, दाबली तर दगडासारखी. तीही टाकायची नाही, पण वेगळ्या पिशवीत घालायची. उसळीला ती चालते, कचोरीच्या सारणाला मात्र नको, दाणे वाटले तरी पिठूळ लागतात.

दव वाळल्यावर, साधारण साडेनऊच्या सुमारास हात घालावा. ओल्या शेंगा पिशवीत दाबल्या की गरम होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बुरशीचा वास येतो. ओळींमध्ये जेमतेम ३० सेंटीमीटर जागा असते. पाय मोकळ्या मातीत, एकापुढे एक टाकावा. खांद्यावरची मोठी पर्स गाडीत ठेवावी, ती वेलांना ओढत नेते. प्रत्येकाने एक ओळ घ्यावी आणि ती शेवटापर्यंत न्यावी. इथून-तिथून चांगल्या शेंगा वेचत फिरणाऱ्यामुळे अर्धवट तोडलेल्या ओळी मागे राहतात आणि शेतकऱ्याला त्या सगळ्या पुन्हा बघाव्या लागतात. तोडणीला बाया आलेल्या असतील तर त्यांच्या ओळीत शिरूच नये. कित्येक ठिकाणी त्यांची मजुरी किलोवर असते; आपण मौजेने तोडलेली शेंग त्यांच्या वजनातून वजा होते.

नवख्या माणसाच्या हातून तासाला तीनेक किलोपेक्षा जास्त शेंगा होत नाहीत. किलोभर शेंगांतून ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघतात. म्हणजे चौघांच्या तासाभराच्या कामाचे पाच-सहा किलो दाणे. घरातल्या भाताला, उसळीला आणि थोड्या साठवणीला पुरेत. याहून जास्तीचा हव्यास धरला की रात्री सोलायला कुणी बसत नाही.

हरभऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा एकेक घाटा तोडत बसलं तर दिवस जातो आणि हाती वाटीभर लागतं, कारण घाट्यात एक नाहीतर दोन दाणे. म्हणून अख्खं झाड उपटतात आणि पेंढीने विकतात. झाड बुडाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायचं. मूळ खोल जातं. माती फार सुकलेली असेल तर खोड वरच्या वर तुटतं, अशा वेळी शेतकऱ्याला विळा चालवू द्यावा. मुलांच्या हाती विळा नको.

हरभऱ्याच्या पानाखोडावर बारीक लव असते आणि तिच्यातून आंब पाझरते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. पहाटेच्या दवात ती उतरते, म्हणून सकाळी लवकर शेतात शिरणाऱ्याचे कपडे गुडघ्यापर्यंत आंबट ओले होतात. बोटाला चीर असेल तर झोंबते, आणि तोच हात डोळ्याला लागला तर मूल रडतं. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, कापडी बूट आणि हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली, एवढं हवंच. आजीला मात्र ही आंब बोटाने चाखून बघायचा मोह आवरत नाही, आणि फवारणीची खात्री असेल तर आवरूही नये.

घाट्यावर गोल भोक दिसलं की आत अळी येऊन गेली किंवा अजून आहे. नीट बघितलं तर कधीकधी ती भोजनाच्या मध्यावर सापडते: पुढचं अर्धं अंग घाट्यात, मागचं बाहेर लोंबतंय. मुलं किंचाळतात, मग तिथून हलत नाहीत. शेतात जागोजागी रोवलेल्या, वर आडवी काठी बांधलेल्या खुंट्या याच अळीसाठी. त्यांच्यावर पक्षी बसतात आणि अळ्या वेचतात. जवळपास लटकणाऱ्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्यासारख्या पिशव्या म्हणजे कामगंध सापळे, मादीच्या वासाने नर पतंगांना पकडणारे. त्यांना हात लावायचा नाही.

होळा, म्हणजे जाळावर भाजलेला हिरवा हरभरा, तिथेच करावा. शेतातली मोकळी, गवत नसलेली जागा शोधायची. भुशाच्या ढिगापासून आणि उभ्या गव्हापासून लांब, वारा त्यांच्याकडे जात नसेल अशा बाजूला. बादलीभर पाणी आधी आणून ठेवायचं, काडी मागाहून ओढायची. खाली सोयाबीनच्या वाळक्या काड्यांचा थर, त्यावर हरभऱ्याची झाडं, वर पुन्हा थोड्या काड्या. जाळ भपकन होतो आणि चार-पाच मिनिटांत ओसरतो; तेवढ्यात काठीने एकदा उलटायचं. पानं जळून गेली, घाटे काळे पडून तडतडायला लागले की बाजूला ओढून पाच मिनिटं गोणपाटाखाली झाकायचे. आतली वाफ दाण्याला मऊ करते. ही पाच मिनिटं कुणाला धीर धरवत नाही आणि म्हणून बहुतेकांचा होळा बाहेरून जळका, आत कच्चा. मग काठीने झोडून सुपात पाखडायचा, वर मीठ, लिंबू आणि जीरावन हा इंदुरी मसाला. निखाऱ्यावर पाणी ओतून, राख काठीने पसरून, पुन्हा पाणी ओतावं. फाल्गुनात ओंब्या भाजताना तर हे दुप्पट सांभाळावं, कारण तेव्हा शेजारचा गहू वाळलेला असतो.

पेरूच्या बागेत काम उभ्याने, सावलीत आणि निवांत. ज्यांच्या गुडघ्यांना वाकणं झेपत नाही अशा आत्या-काकांना इथेच घेऊन यावं. जून-जुलैत फुललेला मृग बहार थंडीत पिकतो आणि चवीला तोच. आंबे बहाराचं पावसाळी फळ पाणचट असतं आणि फळमाशी त्याला सोडत नाही. बागेत पेरूची जात विचारावी. सरदार, म्हणजेच लखनौ-४९, अजून बऱ्याच ठिकाणी आहे. नावात लखनौ असलं तरी तिची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतली. रतलामकडे आणि आता इंदूरभोवतीही मोठ्या फळाची व्हीएनआर बिही दिसते. तिच्या प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि वर पिशवी घातलेली असते. फळ तयार झालंय का बघायला पिशवी वर सारू नये. माळ्याला विचारावं, तो पिशवीसकट तोडून देतो. बघून पुन्हा सोडलेल्या फळावर माशी बसते.

तयार पेरूचा गडद हिरवा रंग फिकट होत पिवळसर झाक धरतो आणि सालीचा खडबडीतपणा कमी होतो. बस, एवढंच बघायचं. अंगठ्याने दाबून बघणं हा बागेतला सगळ्यात मोठा गुन्हा. दाबलेल्या जागी दोन दिवसांत तपकिरी डाग पडतो आणि ते फळ आपण घेतलं नाही तर दुसऱ्याच्या पदरी जातं. पेरू तोडल्यावरही पिकतो, त्यामुळे थोडा घट्ट घ्यायला हरकत नाही. घरात दोन-तीन दिवसांत मऊ होतो. तळहातात फळ धरून, किंचित उचलून, कात्रीने सेंटीमीटरभर देठ ठेवून कापायचं. हिसका मारला तर देठाजवळची साल सोलून निघते आणि फळ तिथूनच कुजायला लागतं. शिवाय कोवळी फांदी मोडते. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, तेव्हा मोडलेली फांदी म्हणजे पुढच्या बहारातली चार-दोन फळं. खाली पडलेलं फळ गोड दिसलं तरी उचलून खाऊ नये. फोडून बघितलं तर आत बऱ्याचदा अळ्या वळवळतात.

मुलांच्या बाबतीत तीन गोष्टींवर डोळा हवा. विहिरी बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय असतात. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडी असते आणि शेतातली वीज ठरावीक वेळी अचानक येते. तिसरी, कुंपणाची तार: रोजड्यांचे, म्हणजे नीलगायींचे कळप हरभरा आणि गहू फस्त करतात म्हणून सौर झटका मशीन लावलेली असते. त्या झटक्याने जीव जात नाही, पण लहान मूल घाबरून पडतं. पोचल्याबरोबर "पटेल साब, तार चालू है क्या?" हे विचारून घ्यावं.

वजनाच्या वेळी रिकाम्या पिशवीचं वजन आधी करून घ्यावं, म्हणजे शेवटी घासाघीस होत नाही. मंडीतला घाऊक भाव मोबाइलवर दाखवून तो मागू नये. ठेल्यावर ज्या भावाने घेतलं असतं त्या भावाने घ्यावं; त्याची वाहतूक आणि अडत वाचली, तर आपल्या मुलांनी तोडता तोडता जे पोटात घातलं त्याची भरपाई झाली. ओळीने सौदा ठरला असेल तर ओळ कुठून कुठवर ते आधीच काठी रोवून दाखवायला सांगावं.

परतीला शेंगा गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नयेत. तोडल्या क्षणापासून बटल्यातली साखर पिठात बदलायला लागते, आणि उष्णतेने ते आणखी लवकर होतं. त्याच संध्याकाळी सोलावं. साठवायचे दाणे अर्ध्या किलोला चार लिटर उकळत्या पाण्यात घालावेत, पाणी पुन्हा उकळू लागलं की दीड ते दोन मिनिटांत काढून बर्फाच्या पाण्यात टाकावेत. तेवढ्याने चव आणि रंग बिघडवणारी विकरं थांबतात. जास्त वेळ ठेवले तर साली सुटतात. पंचावर पूर्ण कोरडे करून, ताटात पसरून गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. ओलसर भरले तर दाण्यांची वीट होते. न उकळता तसेच गोठवलेले दाणे दोन महिन्यांनी गवतासारखे लागतात.

टरफलांचा ढीग कचरागाडीत देऊ नये, निदान इंदुरात तरी. १९२४ साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था उभी केली आणि पालापाचोळा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, मधूनमधून उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. गच्चीवरच्या पिंपात बटल्याची टरफलं, वाळलेली पानं आणि शेणाचा काला असे थर दिले तरी चालतं. नुसती टरफलं मात्र नकोत, ती लगद्यासारखी बसतात आणि वास मारतात.

भाद्रपदात मक्याला पुन्हा याच शेतकऱ्याकडे जाता येतं, पावसाची दोन-तीन दिवस उघडीप असेल तर. कणसाच्या टोकाचा झुपका तपकिरी आणि सुकलेला, वरची पानं मात्र अजून हिरवी, असं कणीस निवडायचं. टोकाकडचं पान जरा सोलून दाण्यात नख रुतवायचं: पाण्यासारखा रस आला तर आठवडाभर थांबावं, दुधासारखा आला तर आजच, काहीच आलं नाही तर ते भाजून खायलाही कठीण. खालच्या बाजूला दाबून पिळा दिला की कणीस सुटतं. मका डोक्याच्या वर असतो, आत शिरलेलं मूल दोन ओळींपलीकडे दिसत नाही; एकाने बांधावर थांबावं. भुट्ट्याचा कीस करायचा असेल तर त्याच दिवशी किसावा. दुसऱ्या दिवसावर ढकलला की दाण्यातलं दूध घट्ट होतं, कढईला चिकटतं आणि वर दूध घालत बसावं लागतं.